गव्हाणे सर आणि मोबाईलमधलं फिजिक्स

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. उन्हाळ्यात खिडकी बंद असली तरी टेबलावर धूळ येऊन बसतेच ना, तसे ते येतात. मिरजगावच्या पुढे माळावर आमचं ज्युनिअर कॉलेज आहे. तिथं फिजिक्स शिकवणारे आम्ही दोघंच, गव्हाणे सर आणि मी. सर रिटायरमेंटला आलेले, खडू-फळ्यावर जीव असलेले. मी आले ती ऑनलाईन व्हिडिओंचं वेड घेऊन. डबे खाऊन झाले की लॅबच्या खिडकीतून ऊन हळूहळू आत सरकतं, सरांचे डोळे अर्धे मिटतात आणि ते म्हणतात, "मॅडम, तो किस्सा सांगा बरं!"

तो म्हणजे कुठला, हे कधीच ठरलेलं नसतं.

*

सरांचा पहिला व्हिडिओ मीच काढला. मुक्तपतन. सर खुर्चीवर उभे राहिले, हातात लिंबू घेतलं आणि बोलत बोलत सोडलं. माझा मोबाईल चुकून स्लो मोशनवर राहिलेला!

पाहायला बसलो तर लिंबू एखाद्या पिसासारखं खाली येतंय. सरांचा हात तरंगत वर चाललाय, ओठ सावकाश उघडतायत, सावकाश मिटतायत. मी डिलीट करायला गेले, तर सरांनी माझा हात धरला.

"राहू द्या," ते म्हणाले. "इतकं हळू शिकवलं असतं, तर आजवरच्या सगळ्या पोरांना कळलं असतं!"

*

पुढं सरांना गोडी लागली. त्यांनी चुंबकत्वावर अख्खा धडा रेकॉर्ड केला आणि वेबसाईटवर टाकला. खाली अक्षरं आपोआप उमटायची सोय होती, ती मीच सुरू करून दिली. पण त्या मशीनला आमचं मराठी झेपेना. सर गंभीर चेहऱ्यानं "चुंबक" म्हणायचे आणि खाली उमटायचं "चुंबन".

"विरुद्ध ध्रुव जवळ आले की चुंबन ओढलं जातं. सजातीय ध्रुव असतील, तर चुंबन दूर ढकलतं."

मी घाईघाईनं दुरुस्त करायला बसले. सरांनी चष्मा वर केला. "थांबा जरा. माझ्या कुठल्याच धड्याला पोरं शेवटपर्यंत थांबली नव्हती हो!"

*

सिम्युलेशन म्हणजे स्क्रीनवर करायचा प्रयोग. त्यातल्या एकात गुरुत्वाकर्षण कमी-जास्त करता येतं. पृथ्वी निवडा, चंद्र निवडा, नाहीतर थेट शून्यावर आणा. एका दुपारी मी चंद्र निवडला आणि चेंडू उडवला. तो वर गेला तो गेलाच. सगळा वर्ग माना वर करून बघत राहिला. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

मागच्या बाकावरची अश्विनी एकदम म्हणाली, "मॅडम, चंद्रावर आजीचे गुडघे दुखणार न्हाईत!"

कुणी हसलं नाही. बहुतेक जण मनातल्या मनात आपापल्या आजीला तिकडं नेऊन सोडत असावेत. गव्हाणे सर दारात उभे होते. जिना चढून आल्यामुळं एक हात गुडघ्यावर, दुसरा चौकटीवर.

"मॅडम," ते म्हणाले, "माझी बदली तिकडंच टाका!"

*

पोपटराव टेम्पो चालवतात. जामखेड रोडला त्यांची रोजची फेरी. एकदा ते भांडायलाच आले.

"सर, पोरगं दिवसभर मोबाईल बघतंय. इचारलं तर म्हणतंय अब्यास हाय!"

पोरानं काय बघितलं, ते सरांनी त्यांना तिथंच लावून दाखवलं. मृगजळावरचा व्हिडिओ होता. तापलेला डांबरी रस्ता, त्यावरची गरम हवा, त्या हवेत वाकणारा प्रकाश. पोपटराव उभ्यानं बघायला लागले, मग स्टुलावर बसले. संपल्यावर म्हणाले, "परत लावा."

दुसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी स्क्रीनवरच्या रस्त्यावर बोट टेकवलं.

"म्हंजे थितं पानी न्हाईच?"

"नाही. ते आभाळ असतं. तुम्हाला रस्त्यावर दिसतं."

"आन् मी येवढी वर्सं समजायचो, आजून जरा जोरात गेलो तर गाठीन!"

त्यानंतर महिनाभरानं ते स्टँडवर भेटले. मी विचारलं, "काय पोपटराव, आता कळलं ना?"

"कळलं की. पर मॅडम, कळलं तरी दिसतंयच!" आणि टेम्पोत बसता बसता म्हणाले, "आता मी हळू चालवतो. आभाळावरनं चाललोय म्हटल्यावर घाई कशाला?"

*

आवाजाचा वेग मोजायचं एक ॲप आहे. टाळी वाजली की मोबाईलमधलं घड्याळ सुरू होतं, दुसरी वाजली की बंद. थंडीतल्या एका सकाळी आम्ही पोरांना मैदानावर नेलं. कोवळं ऊन, गवतावर दव, दोन टोकांना दोन मोबाईल. अश्विनीनं टाळी वाजवायला हात उचलले आणि तेवढ्यात बाभळीमागून मोर ओरडला. घड्याळ सुरू!

पुन्हा शून्यावर आणलं. पोरं श्वास रोखून उभी. मोर पुन्हा ओरडला. पुन्हा घड्याळ सुरू. शेवटी पोरं तिथंच गवतात बसली आणि मोर ऐकत राहिली. प्रॅक्टिकल काही झालं नाही.

हजेरी घेताना सर म्हणाले, "आज वेळेवर आला तो एकटा मोरच. त्याची हजेरी मांडा!"

*

वैष्णवी आता नगरला बी.एस्सी. करते. पण ती अकरावीत असताना दिवाळीनंतर वर्गात दिसेना. आईबाप ऊसतोडीला श्रीरामपूरकडं गेले होते, तीही बरोबर गेली होती. अशी गेलेली पोर परत वर्गात येईलच असं नसतं. सरांनी तिच्या बापाला फोन केला. "परीक्षेला तेवढी पाठवा. शिकवायचं आम्ही बघतो." मग रोजचा धडा आम्ही तिला मोबाईलवर पाठवायला लागलो. रेंज आली की ती बघायची. उत्तर म्हणून नुसतं "बघितला" एवढंच यायचं.

डॉप्लर परिणामाचा, म्हणजे जवळ येणारा आवाज चढा आणि लांब जाणारा उतरलेला का ऐकू येतो त्याचा धडा पाठवला, तेव्हा उत्तर आलं नाही. चार-पाच दिवसांनी एक रेकॉर्डिंग आलं. सोबत लिहिलं होतं, "सर, हितं रिकामा ट्रॅक्टर लई जोरात जातो. डायवरमामांना हॉर्न दाबून धरा म्हणले."

सरांनी ते वर्गात स्पीकरवर लावलं. पोरांना म्हणाले, "डोळे मिटा."

आधी वारा. उसाच्या पाचटाची सळसळ. लांबून हॉर्न आला, चढ्या सुरात, जवळ येत येत अंगावरच आला, आणि पुढं जाताना एकदम खाली उतरला. मग लांब लांब जात विरून गेला. कुणी डोळे उघडले नाहीत. रेकॉर्डिंग चालूच होतं.

"काय भरलंस गं त्यात?" आईचा आवाज.

"आवाज. आये, ट्रॅक्टर जाताना त्याचा आवाज पडतो बग."

कोयता कुठंतरी टेकवल्याचा खणकन आवाज आला.

"जाताना पडतोच की गं. आमचा न्हाई व्हय पडत, गाव सोडताना?"