एक जानेवारीच्या तिघी

कापूस वेचताना आम्ही कमरेला ओटी बांधतो. त्या झोळीत दोन-दोन बोंडांचा कापूस टाकत गेलं की काही वाटत नाही. मग दुपारी उठायला जावं, तर कंबर उठू देत नाही! किश्श्यांचंही तसंच. सिंगापूरहून आले तेव्हा वाटलं, सांगण्यासारखं काय आहे? आता कोणी "कसं होतं वो तिकडे?" असं विचारलं, की चहा थंड होतो, पण ओटी रिकामी होत नाही. मला लिहिता येत नाही. मी सांगते, सूनबाई लिहिते.

आम्ही तिघी. मी, कमळा आणि सिंधू. मारेगावच्या अलीकडे आमची शेतं बांधाला बांध लागून आहेत. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, असा चाळीस वर्षं तिघींनी मिळून कापूस वेचला.

* * *

आधार कार्ड काढायला गेलो, तेव्हा कंप्युटरवाल्यानं विचारलं, "आजी, जन्मतारीख?"

मी म्हटलं, "कापसाच्या दुसऱ्या वेच्याले."

कमळा म्हणाली, "तान्ह्या पोळ्याले."

सिंधू म्हणाली, "नदीले मोठा पूर आलता ना, तवा."

त्यानं डोकं खाजवलं आणि तिघींनाही एक जानेवारी टाकून दिली. वर्षही एकच! तेव्हापासून आम्ही सरकारी तिळ्या बहिणी.

माझी नात रुपाली सिंगापूरला नोकरी करते. तिचा फोन आला, "आजी, एक जानेवारीले तुले सत्तर लागून राह्यले. वाढदिवस इकडेच करू."

मी म्हटलं, "कार्डावर तं तिघींचा वाढदिवस आहे. मी एकली कशी येऊ?"

वाटलं, आता पोरगी गप्प बसेल. आठ दिवसांनी तिघींच्या पासपोर्टचे कागद भरायला सुरुवात! असं नातवंड मिळायला नशीब लागतं.

* * *

सिंधूनं मात्र हात जोडले. "मी नाही येत बाई."

कारण होतं तिचा अंगठा. वाळलेल्या बोंडांची टोकं टोचून टोचून त्याच्या रेघाच पुसल्यात. रेशनच्या दुकानात दर महिन्याला पाच-पाच वेळा अंगठा दाबते, मशीन काही तिला ओळखत नाही. "पोराले पाठवा," असं म्हणून दुकानदार तिला रांगेतून बाजूला काढतो. आणि दुकानदार कोण? तिच्याच दिराचा पोरगा!

"घरच्याच्या मशीनीत मी उमटत नाही," सिंधू म्हणाली. "परमुलखात मले परत धाडलं तं तुमचाही वाढदिवस नासते."

कमळा म्हणाली, "धाडलं तं तिघीही वापस येऊ. इमान तं आतून पाहून होईन!"

* * *

विमानात दोन पोरींनी आम्हाला पाणी दिलं, पट्टे बांधून दिले, कमळाला तीनदा बाथरूमपर्यंत नेऊन आणलं. उतरताना त्या दारात हात जोडून उभ्या होत्या. कमळानं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला.

"काय करून राह्यली वो?" मी म्हटलं.

"एवढी सेवा केली लेकींनं. रिकाम्या कपाळानं निरोप घेऊ का?"

मागं सगळी रांग खोळंबली. दोघींना कुंकू लावून झालं. शेजारी टाय लावलेला एक उंच गडी उभा होता. आता हा रागावतो, असं मला वाटलं.

तर त्यानं वाकून कपाळ पुढं केलं!

* * *

पुढं खरी परीक्षा. काचेच्या खोक्यात बसलेली पासपोर्ट तपासणारी एक बाई आणि तिच्यासमोर अंगठ्याची मशीन. माझा लागला, कमळाचा लागला. सिंधूनं दाबला, लाल दिवा. पुन्हा दाबला, लाल. रुपाली बाहेर, आम्हाला इंग्रजी येत नाही.

ती बाई उठून बाहेर आली. मशीनची काच पुसली. सिंधूचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला, अंगठा नीट ठेवून दाबला. लाल!

तेवढ्यात सिंधू माझ्याकडे वळली. "वाकव डोकं!"

"काहून?"

"गोधडी शिवताना सुई अडली तं आपण कुठी घासतो? वाकव!"

तिनं स्वतः परदेशाला जायचं म्हणून शाम्पू केला होता. माझ्या डोक्याला मात्र नेहमीचं तेल. मी वाकले, तिनं भांगात अंगठा घासला आणि मशीनवर ठेवला.

हिरवा!

त्या बाईनं टाळी वाजवली. मग तिघींचे पासपोर्ट एकावर एक ठेवून पाहू लागली. एकदा पासपोर्टाकडे, एकदा आमच्याकडे. ती हसली आणि एकेकीकडे बोट करून म्हणाली, "हॅपी बर्थडे! हॅपी बर्थडे! हॅपी बर्थडे!"

तिचं नाव मला माहीत नाही. रोज सांजेला दिवा लावताना तिच्यासाठीही हात जोडते.

* * *

दुसऱ्या दिवशी रुपालीनं मोठ्या बागेत नेलं. बाग कसली, जत्राच! उलटी होऊन पळणाऱ्या एका गाडीत आम्हाला बसवलं. तिथला माणूस इंग्रजीत काही बोलला. रुपालीनं सांगितलं, "आजी, सैल असेल ते काढून द्या त्याच्याजवळ. चष्मा, चप्पल, काहीही. वरून खाली पडते."

मी चष्मा दिला. सिंधूनं चपला दिल्या. कमळानं जरा विचार केला, तोंडात हात घातला आणि कवळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली!

गाडी सुटली. आम्ही जिवाच्या आकांतानं ओरडलो. परत आलो, तेव्हा तो माणूस जिथल्या तिथं उभा होता. दोन्ही तळहात पुढं धरून, जणू प्रसादच घेतलाय.

तिथं मशीन आपोआप फोटो काढते. सगळ्यांचे दात दिसतात, कमळाचे सोडून. तो फोटो तिच्या घरात देवाशेजारी टांगला आहे.

* * *

शेवटच्या दिवशी, म्हणजे एक जानेवारीला, काचेची एक भली मोठी बाग पाहिली. जगभरची झाडं आणि प्रत्येकापुढं पाटी. फिरता फिरता सिंधू थबकली. "अवं, पऱ्हाटी!"

खरंच कुंडीत कापसाचं झाड! दोन बोंडं फुटून लोंबत होती. आम्ही डोळा भरून पाहतो आहोत, तोवर सिंधूचा हात गेला. एक झटका, आणि बोंड रिकामं!

"सिंधे, काय केलं?"

"मी नाही केलं बाप्पा, हातच गेला!"

रखवालदार धावत आला. सिंधू तो कापूस परत बोंडात कोंबायला लागली. "आता वापस धाडते हा मले," एवढंच म्हणत होती. रुपालीनं त्याला समजावलं, की बाईनं जन्मभर हेच काम केलंय. त्यानं रिकामं बोंड निरखून पाहिलं. त्यात कापसाचं एक तूसही राहिलं नव्हतं. मग मोबाईल काढला, दुसऱ्या बोंडाकडे बोट केलं आणि खुणेनं म्हणाला, पुन्हा एकदा!

सिंधूनं व्हिडिओसाठी हळू वेचायचा प्रयत्न केला. तिला हळू येतच नाही. दोन्ही बोंडांचा कापूस त्यानं तिच्या ओंजळीत ठेवला.

संध्याकाळी रुपालीनं केक आणला, वर मेणबत्ती. सिंधू म्हणाली, "थांब." त्याच कापसाच्या तिनं तीन फुलवाती वळल्या, वाटीत तूप घातलं, आणि तिघींनी एकमेकींना ओवाळलं. सत्तर वर्षांत माझा पहिला वाढदिवस. सिंधूच्या हातानं उजळला.

* * *

आता शेवटचा किस्सा सांगते आणि उठते.

परत आलो. पुढच्या महिन्यात आम्ही तिघी रेशनला गेलो. सिंधूनं अंगठा दाबला. लाल. पुन्हा लाल.

दुकानदार मान वर न करता म्हणाला, "काकू, नाही येऊन राह्यला. पोराले पाठवा."

सिंधू रांगेतून हलली नाही.

"अरे, सिंगापूरच्या बाईनं उठून माह्याजवळ येऊन मले वळखलं. तुले तं बारशाले याच हातानं पाळण्यात टाकलं ना मी?"

"काकू, मशीनच नाही म्हणते. मी काय करू?"

सिंधूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "वाकव डोकं."

"आं?"

"वाकव म्हणते ना!"

सगळ्या रांगेसमोर त्यानं डोकं वाकवलं. चांगलं चपचपीत तेल होतं!