रुमालाची साक्ष

जहाजावर त्याला कुणी नावाने हाक मारलीच नाही. कानावर कायम लाल पेन्सिल अडकवलेली, म्हणून तो पेन्सिल. कप्तानापासून भटारखान्यापर्यंत सगळ्यांचा पेन्सिल. पुढे तो जहाजावरच्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर झाला, तेव्हा तिथल्या पोरांचा पेन्सिलकाका झाला. बायको एरवी नुसतं 'अहो' म्हणायची. चिडली की 'अहो पेन्सिल'.

जहाजावर तो डॉक्टरांचा मदतनीस होता, आणि पेन्सिल साधी नव्हती. मेणासारखी, कातडीवर उमटणारी. जखमी माणसाला दुखणं थांबवायला मॉर्फिन दिलं की त्याच्या कपाळावर 'म' लिहायचं आणि खाली वेळ. नियम एवढाच. कपाळावर 'म' दिसला तर पुन्हा सुई टोचायची नाही. दुसरा डोस लवकर गेला तर माणूस झोपतो आणि उठत नाही.

साठी उलटल्यावर त्याला नौदलाच्या संग्रहालयातून फोन आला. जहाजावरच्या औषधोपचारांचा एक नवा कक्ष उघडणार होता. फोनवरच्या बाई मोठ्या गोड बोलल्या.

"काका, तुमचा जुना गणवेश असेल का हो? आम्हाला काचेच्या कपाटात ठेवायचाय."

"आहे. गणवेशच ठेवाल ना? मला नका ठेवू."

बायकोने गणवेश पेटीतून काढला. इस्त्री करताना तिचा हात डाव्या बाहीवर थांबला. सगळं कापड विटलेलं. बाहीवर मात्र दोन बोटं रुंदीचा एक पट्टा अजून गडद होता. कधीकाळी तिथे पदाची पट्टी होती. संग्रहालयातल्या बाईंनाही तो दिसला.

"इथे नवी पट्टी शिवून घेऊ का? आमच्याकडे आहेत."

"नको," तो म्हणाला. "काढून घेतलेली आहे ती. लावायला मी कोण?"

पट्टी काढून घेतली त्याला पस्तीस वर्षं झाली होती.

लढाईच्या दिवशी सकाळी हुकूम सुटला. सगळ्यांनी अंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे. हुकूम पाळला जातोय की नाही हे बघायचं काम पेन्सिलचं. तो बॉयलरखोलीत उतरला. तिथला एक हडकुळा पोरगा सारखा शिट्टी वाजवायचा, म्हणून त्याला शिट्टीच म्हणत. तो तेलकट बनियनवर उभा होता.

"काय रे पेन्सिल, लढाईला चाललोय का लग्नाला?"

"बदल कपडे. गोळी लागली की कापडाची चिंधी आत जाते. चिंधी मळकी असली की जखम सडते."

"मग कपडे काढूनच लढतो की! चिंधीचा प्रश्नच मिटला."

सगळे खदखदून हसले. पेन्सिलही हसला. शिट्टीने कपडे बदलले.

दुपारी गोळा बरोबर बॉयलरखोलीच्या अंगाला बसला. वाफेची नळी फुटली. दिवे गेले. खाली उतरायला दोन शिड्या होत्या. पुढच्या शिडीने पेन्सिल उतरला, मागच्या शिडीने डॉक्टर. हातात बॅटरी, खांद्याला इंजेक्शनांची पिशवी. धुरात माणसं ओळखू येईनात. सगळ्यांची तोंडं काजळीने माखलेली. पेन्सिलने तिथे चार-पाच जणांना सुई दिली, चार-पाच कपाळांवर 'म' लिहिला. मग तो वर जेवणाच्या हॉलमध्ये आला. जेवणाच्या टेबलांवर जखमी ठेवत होते.

शिट्टीला दोघांनी उचलून आणलं. गुडघ्याखाली पाय उकडून निघाले होते. डोळे अर्धे मिटलेले. तो कण्हत होता. पेन्सिलने त्याच्या कपाळाकडे पाहिलं. कपाळ कुठलं, नुसती काजळी. म्हणून त्याने खिशातला रुमाल काढला आणि कपाळ नीट पुसलं. खाली काही नव्हतं. त्याने सुई दिली. 'म' लिहिला. दोन वाजून चाळीस मिनिटं.

चार वाजता शिट्टीचा श्वास थांबला.

चौकशीला तीन अधिकारी बसले. प्रेताच्या दोन्ही दंडांवर सुईची खूण होती. म्हणजे डोस दोन. दुसरा पेन्सिलचा. पहिला कुणाचा?

डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मला आठवत नाही. दिला असता तर खूण केली असती."

पेन्सिलला तो रुमाल आठवला. कुणी विचारलं नव्हतं. तोच उभा राहिला.

"साहेब, मी त्याचं कपाळ पुसलं होतं. रुमालाने."

"म्हणजे खूण असलीच, तर ती तूच पुसलीस?"

"असेल साहेब. खाली धुरात मीच त्याला पहिली सुई दिली असेल. चेहरा ओळखला नसेल."

छातीवर हात ठेवून सांगता येईना, की दिली नव्हती. डॉक्टर शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी मान खाली घातली. पेन्सिलला वाटलं, आपल्यासाठी वाईट वाटतंय त्यांना.

डॉक्टरांनी त्याची बाजू घेतली. मुलगा प्रामाणिक आहे, आपणहून बोलला, नोकरीवरून हाकलू नका, म्हणाले. शिक्षा पट्टीवर भागली. वर्षभरात पेन्सिलने स्वतःच नौदल सोडलं. दोन वर्षांनी डॉक्टरांनीही सोडलं. गावात दवाखाना टाकला आणि पहिला माणूस बोलावला तो पेन्सिल.

"तू ये. दुसरा कुणी मला चालायचा नाही."

पेन्सिल घरी येऊन बायकोपुढे रडला. एवढा मोठा माणूस, आणि आपल्याला पदरात घेतलं! तेव्हापासून डॉक्टरांचा शब्द त्याने खाली पडू दिला नाही. सकाळी कुलूप तो उघडायचा, संध्याकाळी तो लावायचा. पट्ट्या बांधायचा, औषधं द्यायचा, रडणाऱ्या पोरांची समजूत काढायचा. इंजेक्शन मात्र कधी दिलं नाही. सिरिंज हातात घेतली की तशीच परत ठेवायचा. बायको म्हणायची, "कसले हो कंपाउंडर तुम्ही? मुलीला ताप आला तर शेजारच्या नर्सबाईंना बोलवायचं!" तो ऐकून घ्यायचा.

आणखी एक काम त्याने केलं होतं. नौदल सोडल्यावर तो शिट्टीच्या घरी गेला. आईवडील आधीच गेलेले, एक थोरली बहीण होती. शिवणकाम करून तिने भावाला वाढवलेलं. दारातच त्याने सांगितलं, "ताई, माझ्या हातून गेला तो." ताईने दार लावलं. कडी घातल्याचा आवाज त्याला बाहेर ऐकू आला. अकरा वर्षं त्या दाराकडे तो फिरकला नाही. मग एक दिवस दवाखान्यात निरोप आला, रविवारी ये म्हणून. गेला. ताईने चहा ठेवला आणि म्हणाली, "दिवा गेलाय. स्टुलावर चढता येतं का तुला, का तेही नाही येत?"

तेव्हापासून महिन्यातून एक रविवार तिचा. तो बल्ब बदलायचा, नळ दुरुस्त करायचा, रक्तदाबाच्या गोळ्या आणून द्यायचा. ती त्याला बोल लावायची, मशीनवर बसून. शिट्टीचं नाव दोघंही काढत नसत.

कक्षाचं उद्घाटन शनिवारी सकाळी होतं. भाषण डॉक्टरांचं. पंच्याहत्तरीतही आवाज खणखणीत. समोर वैद्यकीय कॉलेजची मुलं, पाहुणे, पत्रकार. पेन्सिल तिसऱ्या रांगेत बसला होता. शेजारी काचेच्या कपाटात त्याचा गणवेश उभा होता, मानेवर डोकं नसलेला.

डॉक्टरांनी रंगत आणली. पूर्वी लढाईपेक्षा जास्त खलाशी हिरड्या सुजवणाऱ्या रोगाने मरत, आणि लिंबाच्या रसाने त्यांना वाचवलं, हे सांगितलं. जुन्या लाकडी जहाजांवर शस्त्रक्रियेची जागा लाल रंगवत असं म्हणतात, रक्त दिसू नये म्हणून, हे सांगितलं. पाय करवतीने कापताना शल्यवैद्य घड्याळ लावत. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. पेन्सिलला हे सगळं पाठ होतं. दवाखान्यात रोगी नसले की डॉक्टर हेच सांगत. तो पुढचं वाक्य मनात आधीच म्हणत होता.

मग डॉक्टरांनी चष्मा काढला. हे वाक्य पेन्सिलला पाठ नव्हतं.

"आता माझी एक चूक सांगतो. लढाईत मी मागच्या शिडीने बॉयलरखोलीत उतरलो. तिथे एक मुलगा पडला होता, पाय भाजलेला. मी त्याला मॉर्फिन दिलं. माझ्याकडे पेन्सिल नव्हती. वर जाऊन सांगू म्हटलं. वर गेलो, शंभर कामं होती, सांगायचं राहिलं. वर त्याला दुसरा डोस मिळाला. तो मुलगा गेला. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच सांगतो. आधी खूण, मग सुई."

पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळे टिपले. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. इतक्या मोठ्या माणसाने इतक्या लोकांत चूक कबूल करावी!

"आणि पेन्सिल कुणाच्या कानावर होती ठाऊक आहे?" डॉक्टर हसून म्हणाले. "तो बघा. तिसरी रांग. माझा उजवा हात."

सगळ्या माना वळल्या. सवयीने पेन्सिल उठून उभा राहिला. लोकांनी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. तो बसला. आपण उभे राहिलो होतो, हे त्याला बसल्यावर कळलं.

चहाच्या टेबलाशी गर्दी होती. त्याने डॉक्टरांची बाही धरली. आयुष्यात पहिल्यांदा.

"साहेब, तुम्ही दिली होती पहिली सुई?"

"म्हणजे काय? आत्ता सांगितलं ना."

"मला माहीत नव्हतं."

डॉक्टर हसले. मग त्याच्या तोंडाकडे पाहून थांबले. "माहीत नव्हतं कसं? तूच तर ते रुमालाचं काढलंस चौकशीत."

"मी खरंच पुसलं होतं."

"मला वाटलं, तू मला वाचवतोयस." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "काय डोकं चालवलं पोराने, असं वाटलं. मी उपकार विसरलो नाही तुझे. दवाखाना काढल्यावर पहिला कुणाला बोलावलं? सांग की."

हा माणूस आपल्यावर उपकार करतोय, असं तो समजत होता. तो माणूस फेडत होता.

"तीस-बत्तीस वर्षं एका खोलीत बसलो साहेब आपण. एकदा तरी बोलायचं."

"तू तरी कुठे बोललास? मला वाटलं, तुला तो विषय नकोय."

"मी सुई धरत नाही. तुम्ही रोज बघता. का, ते कधी विचारलंत?"

डॉक्टरांनी कप बशीत ठेवला.

"त्याची बहीण आहे," पेन्सिल म्हणाला. "इथून तीन बस थांबे. चला माझ्याबरोबर. तिला सांगा. आत्ता इतक्या लोकांना सांगितलंत ना, तसंच."

"अरे, आता? म्हातारीला काय फरक पडणार आहे?"

"मला पडतो."

तेवढ्यात फोटोसाठी हाका आल्या. डॉक्टरांना सुटल्यासारखं झालं. "दोन मिनिटांत आलो. थांब इथेच. जाऊ आपण." त्याच्या खांद्यावर थोपटून ते आत गेले.

पेन्सिल थांबला. टेबलावरचे कप उचलले गेले. खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लागल्या. गोड बोलणाऱ्या बाई कक्षाला कुलूप लावायला आल्या.

"काका, तुम्ही अजून इथे? डॉक्टर तर मागच्या दाराने कधीच गेले. गाडी तिकडे लावली होती ना."

बसमध्ये त्याने वाक्य जुळवून पाहिलं. 'माझ्या हातून गेला' हे त्याच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की दुसरं वाक्य तोंडात मावेना.

ताई मशीनवर होती. "आज कुठे रविवार आहे?" ती म्हणाली. मग तिने पाय थांबवला. "बस आधी. तोंड बघ काय झालंय."

त्याने उभ्यानेच सांगितलं. शिडी, सुई, रुमाल, भाषण, टाळ्या. काही गाळलं नाही. टाळ्यांना आपण उभे राहिलो, तेही सांगितलं.

ताईने सुईखालचं कापड सरळ केलं.

"तुला माफ करायला मला अकरा वर्षं लागली," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून तुला शिव्या द्यायचे. नंतर एक दिवस आड. मग आठवड्यातून एकदा. सोपं वाटलं का तुला ते?"

"नाही ताई."

"आणि चुकीच्या माणसावर खर्च झालं सगळं. आता अठ्ठ्याहत्तरीत मी पहिल्यापासून सुरू करू?"

तो स्टुलावर बसला.

"आणि तू रे गाढवा! न केलेली गोष्ट माझ्या दारात येऊन सांगून गेलास. एवढी कसली घाई होती?"

"मला खरं वाटत होतं ताई."

"हो. तेच तर." तिने दोरा दाताने तोडला. कापड बाजूला ठेवलं. भिंतीचा आधार घेत उठली आणि कोपऱ्यातल्या चपला पायाने पुढे ओढल्या.

"दवाखाना किती वाजता उघडतो?"

"संध्याकाळचा पाचला. पण ताई, ते आज येतील की नाही..."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग चल. बाकावर बसून राहू. रोग्यांसारखं." तिने एक चप्पल घातली, दुसरीसाठी त्याच्या खांद्यावर हात टेकला. "त्याने एकदा माझ्याकडे बघून सांगायचं. टाळ्या मी वाजवणार नाही."