ढालीसाठी बैठका

शालीकराम गोंदियातल्या आखाड्याच्या दाराशी तीनदा गेला आणि तीनदा मागं फिरला. तिसऱ्या खेपेला तर त्यानं चपला काढल्या होत्या. मग त्या काढलेल्या चपला काखेत मारून तो समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला, जणू कुणाची वाट बघतोय. एका हातात बिड्यांची टोपली, दुसऱ्या हातात नारळ. नागपंचमीची सकाळ होती. नव्या माणसानं आखाड्याच्या मातीत पाय ठेवायचा तो याच दिवशी, असं त्यानं ऐकलं होतं. आज हुकलं की वर्ष हुकलं. आणि त्याच्याकडं वर्ष नव्हतं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंतचे तीन महिने होते.

आतून धप्, धप् असा आवाज येत होता. दंड काढताना कुणीतरी म्हशीसारखं फुसफुसत होतं. शालीकरामनं आपल्या छातीकडं बघितलं. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तेरा वर्षं बिड्या वळलेली ती छाती. आतल्या बाजूला बसलेली, पेटाऱ्याचं झाकण दबावं तशी.

"अरे, हा तं आमचा शालीक!"

शालीकराम दचकला. मागं टेकचंद उभा होता. त्याचा चुलतभाऊ, गोंदियाच्या धानाच्या मिलमधला हमाल. खांदे असे, की दारातून आडवं व्हावं लागावं.

"बिड्या विकाले आला का गा? इथं नको विकू. उस्ताद मारते."

"नाई... मारुतीले नारळ द्याचा होता."

"मंग दे न बाप्पा! कडुनिंबाले काऊन दाखवून राहिला?"

आता पळायची सोय उरली नाही. शालीकराम आत शिरला. तांबड्या मातीभोवती दहाबारा उघडी, तेलानं चकाकणारी अंगं त्याच्याकडं वळली. त्यानं नजर वर केलीच नाही. कोनाड्यात शेंदराचा मारुती, त्याच्या पुढ्यात एक गुळगुळीत, गोल, काळा दगड. देवापुढचा दगड म्हणजे देवाचाच, एवढंच त्याला सुचलं. त्यानं हात जोडले आणि सगळा जोर काढून नारळ त्या दगडावर आपटला.

नारळ फुटला. पाणी दगडावरून ओघळलं. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळ्या आखाड्याला हसू फुटलं.

"दस साल हो गए," कोपऱ्यातून आवाज आला. पांढऱ्या मिशांचे भैय्यालाल उस्ताद, एकेकाळचे रेल्वेच्या मालधक्क्यावरचे हमाल, उठून जवळ आले. "दस साल में गोटे पे नारियल किसी ने नहीं फोडा. भाई, ये भगवान नहीं है. ये उठाने का गोटा है. अब चिपचिपा हो गया. किसी के पाँव पे गिरेगा तो?"

"चुकलं जी. धुवून देतो."

"धो."

धुवायचा तर दगड फिरवायला हवा. शालीकरामनं दोन्ही हात लावले, गुडघा लावला, शेवटी डोकं लावलं. दगड हलला नाही. टेकचंदनं येऊन एका पायानं तो उलटा केला आणि म्हणाला, "बिडी उचल बे तू, बिडी."

उस्ताद हसले नाहीत. "क्यों आया?"

खोटं बोलायचं त्राण संपलं होतं. "ढाल उचलाची हाय."

टेकचंदचं हसू तिथंच थांबलं.

नागऱ्याच्या अलीकडं शालीकरामचं गाव. तिथल्या गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांची ढाल त्याच्या घरची. ढाल म्हणजे दोन पुरुष उंचीचा बांबू, त्याला गुंडाळलेलं लाल कापड, वर मोरपिसांचा भारा आणि पितळेच्या घंट्या. दिवाळीनंतरच्या मंडईला ती घरातून निघायची आणि तलावाच्या पाळीवरून बाजारात जायची. बावीस वर्षं ती शालीकरामचा बाप मनिराम यानं नेली. या जेठात त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लोंबकळला तो लोंबकळलाच.

चुलत्याकडची माणसं दुसऱ्याच आठवड्यात येऊन बसली. "आता टेकचंदच्या घरी जाऊ द्या ढाल. उचलनारा हात पायजे." गावची रीत होती: ढाल एकदा दुसऱ्या घराचा उंबरठा ओलांडून गेली की परत येत नाही. आणि वाटेत ती कलली, तर ज्याचा हात तिला सावरेल त्याच्या घरी ती जाते.

खाटेवरून मनिराम म्हणाला होता, "जाऊ द्या. ह्याच्यानं बिडीचं सूप उचलत नाई."

तेव्हा शालीकरामच्या तोंडून निघून गेलं, "मी उचलतो." तेव्हापासून तोंडाची चव गेली होती.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग बोट खाली केलं. "बैठक. बस और उठ."

"उस्ताद, ढाल हातानं धराची रायते."

"हाथ किस पे खडा है?"

अकरा बैठका झाल्या. बाराव्या वेळी शालीकराम खाली गेला आणि तिथंच राहिला. उस्तादांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं, पोत्यासारखं.

दुसऱ्या दिवशी त्याला ना खाली बसता येई, ना बसल्यावर उठता. बिडीचं सूप समोर आणि तो भिंतीला धरून. बायको रुख्मा चुलीपासून बघत होती.

"अजी, बसता येत नाई, उठता येत नाई, तं तुमी मधातच काऊन अडकले?"

"हळू बोल. बा ऐकते."

"आयकू द्या. माय वो, तुमाले बैलासारखं दावनीले बांधू का?" तिनं त्याचे दंड धरून त्याला खाली टेकवलं, मग आवाज उतरवला. "होईल का वो तुमच्यानं?"

त्यानं सूप पुढं ओढलं. पानात तंबाखू भरताना ते फाटलं.

तरी तो जात राहिला. उजाडता उजाडता बिड्यांची टोपली घेऊन निघायचं, आधी आखाडा, मग कारखाना. गावाला वाटे, माल द्यायला जातो. आखाड्यातलं पहिलं भेव लंगोटाचं. सगळ्यांसमोर धोतर सोडायचं म्हणजे त्याला फासळ्या मोजायला दिल्यासारखं वाटे. तो भिंतीकडं तोंड करून उभा राही. दुसरं भेव टेकचंदचं. टेकचंद नाल उचली, मधे मूठ कोरलेलं ते दगडी कडं तो एका हातानं डोक्यावर नेई आणि तिथूनच शालीकरामकडं बघून म्हणे, "ढालीचा जोर मनगटात रायते, शालीक. पायात नाई. म्हतारा तुले नाचाले शिकवून राहिला का?"

हे शालीकरामला पटे. तेच खरं भेव होतं. पोळा झाला, दसरा आला. उस्ताद शंभरावरून दोनशेवर नेत, दोनशेवरून तीनशेवर, पण बैठकाच. एक दिवस त्यानं धीर करून विचारलं, "उस्ताद, नाल कवा?"

"घुटना ढीला रख." एवढंच उत्तर. दिवसातून वीसदा तेच. "अकडेगा तो टूटेगा. घुटना ढीला!"

दिवाळीच्या आठ दिवस आधी नाल हातात मिळाली. ती छातीपर्यंत आली आणि तिथून परत खाली गेली. टेकचंद हसलाही नाही. ते जास्त वाईट वाटलं.

मंडईचा दिवस उजाडला. ढाल नेणाऱ्यानं निरंकार उपास धरायचा. तीन महिने सकाळी भिजले चणे खायची सवय लागलेलं पोट दुपारपर्यंत कुरकुरायला लागलं. हे त्यानं हिशेबात धरलंच नव्हतं. रुख्मा त्याच्या कमरेला फडक्याची झोळी बांधत होती, त्यात बांबूचं बुड बसवायचं असे.

"पाय कापून राहिले तुमचे."

"गाठ घट्ट बांध."

"पायाले काय गाठ बांधू?"

चार जणांनी ढाल उभी केली आणि त्याच्या झोळीत टेकवली. वजन पोटातून थेट टाचांत उतरलं. डफ वाजले. शालीकराम निघाला. मागं एका पावलावर टेकचंद, दोन्ही हात मोकळे सोडून.

गल्लीतून नीट गेलं. घरांच्या भिंतींनी वारा अडवला होता. मग तलावाची पाळ आली, उघडी. पहिल्याच झुळकेला मोरपिसं फुलली आणि शालीकरामला कळलं, की या ढालीचं वजन बुडाशी नाहीच, वर आहे, आणि वाऱ्याच्या हातात आहे. त्यानं मनगटं आवळली. बांबू आणखी डोलला. घंट्या वेड्यावाकड्या वाजल्या.

"कलली गा, कलली!" कुणीतरी ओरडलं.

टेकचंदचा श्वास मानेवर आला. "सोड, शालीक. धरतो मी."

पाळीच्या मध्यावर मनिरामची खाट आणून ठेवली होती. म्हाताऱ्याचे डोळे वरच्या पिसांवर खिळले होते. वारा आणखी चढला. ढाल डावीकडं गेली, आणि टेकचंदचे हात पुढं आले.

गर्दीतून एक चिरका आवाज फुटला. "घुटना! अरे घुटना ढीला!"

उस्ताद कुठं होते ते शालीकरामनं बघितलं नाही. गुडघ्यांनी ऐकलं. ते आपोआप सुटले आणि तो ढालीसकट सरळ खाली गेला. पूर्ण बैठक. बांबू खाली आला तसा वाऱ्याचा झोत वरून निघून गेला आणि ढाल उभीच्या उभी थांबली, बापाच्या खाटेसमोर.

डफ थांबले. मनिरामचा डावा हात हळूच पुढं सरकला, बांबूकडं.

"बा, हात नको लावू!" शालीकराम दातांतून बोलला. "माह्यानं सावरली नाई म्हनतीन."

हात थांबला. म्हातारा वाकून त्याच्या कानाशी आला. त्याची जीभ जड झाली होती, पण शब्द कळले. "भेव लागून राहिलं?"

"हो."

"मले पन लागे. दरसाली. याच जागी." मग खाटेवर मागं रेलून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "उठ!"

खाली जाणं सोपं होतं, तीन महिन्यांत एवढं त्याला समजलं होतं. पोटात अन्न नव्हतं. मांड्या पेटल्या. त्याला बारावी बैठक आठवली, काखेतले उस्तादांचे हात आठवले. आज काखेत हात घालणारा एकच होता आणि तो ढाल घरी नेणार होता. शालीकरामनं टाचा रोवल्या. बोटभर उठला. वीतभर उठला. घंट्या किणकिणल्या आणि तो उभा राहिला.

"बापाले जोहार केला ढालीनं!" एक म्हातारी ओरडली, आणि गर्दी उसळली. डफ दुप्पट वाजू लागले. टेकचंदनं आपले हात धोतराला पुसले आणि मागं सरकला.

बाजारात ढाल पोचल्यावर पंच जवळ आले. "शालीक, बेस केलं गा. असं कोनी केलं नोयतं. आता दरसाली त्याच जागी खाली बसाचं अन् उठाचं. रीतच करून टाकू."

शालीकरामनं आपल्या मांड्यांकडं बघितलं. "दरसाली?"

"मंग!"

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो आखाड्याच्या दारात उभा होता. या खेपेला चपला काखेत नव्हत्या. त्या दाराशीच काढलेल्या होत्या.

"ढाल तो हो गई," उस्ताद म्हणाले. "अब क्या?"

"पुढच्या सालीबी बसा लागते जी. अन् उठा लागते."

उस्तादांनी मिशीला हात लावला. "तो गिन."

शालीकराम भिंतीकडं वळला. मांड्या कालच्या ठणकत होत्या. एक. दोन. मातीत उभ्या असलेल्या टेकचंदनं नाल खाली ठेवली.

"तिकडे कायले उभा हाय बे? वल्ली हाय तिकडची माती, घसरशीन." त्यानं सरकून शेजारी जागा केली. "इकडे ये."