डोंगरावरची हाक

परवा नातीनं व्हायोलिनच्या गजाला राळ घासली आणि त्या वासानं मला थेट माकणीच्या दवाखान्यात नेलं. निजामाच्या राजवटीचे ते शेवटचे दिवस. मी नऊ वर्षांची होते. गाव धास्तीनं हद्दीपलीकडं सोलापूरला निघालं होतं. बाबा बैलगाडी आणायला गेले, ते परतलेच नव्हते आणि इकडं आईला कळा सुरू झाल्या.

दवाखाना नॉर्वेहून आलेल्या दोन बहिणी चालवत. थोरलीनं आईला तपासलं, हात पुसले आणि चक्क व्हायोलिन हातात घेतलं. धाकटी गाऊ लागली. सूर उंच चढत जाई आणि एकदम तुटे. दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालून मी वैतागले होते.

"बाई, आता गाणं कशापायी? आमाला जायचं हाय!"

"गप," आई धापा टाकत म्हणाली. तिचं माहेर मेंढपाळांचं. "गुरं बोलावतीया ती. डोंगरावरून."

थोरली चमकली. "होय. आमची आई असंच बोलवायची."

पुढच्या कळेला आई किंचाळली नाही. तिनं मेंढरांना घालतात तशी लांब हाक घातली. धाकटीनं तोच सूर उचलला.

बाबा आले तेव्हा भाऊ जन्मला होता. आम्ही घाईनं गाडीत बसलो. त्या दोघी दारात उभ्या होत्या. काही महिन्यांनी परतलो, तर दवाखान्याला कुलूप.

त्यांना भीती ठाऊकच नाही, असं तेव्हा वाटलं होतं. आता आठवतं, थोरलीचा गज तारांवर थरथरत होता. आणि "तुमीबी चला" असं आमच्यातलं कुणीच म्हणालं नाही.