कुंभकोणमचा पहिला भात

जाहिरात आधी टाकली आणि कुंभकोणम नंतर गाठलं, हा उलटा क्रम सर्वस्वी माझा. मी आणि माझी धाकटी जाऊ मंजू, आम्ही दोघींनी सांगलीहून खवय्यांच्या छोट्या सहली काढायचं ठरवलं होतं. ही पहिलीच. इंदूरला सगळेच नेतात, म्हणून मी हट्टानं कावेरीकाठचं हे कॉलेजचं गाव निवडलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ठोकून दिलं की कुंभकोणममध्ये एक जेवण तिथल्या मराठी घरात होईल. तंजावरच्या राजांच्या काळात तिकडे गेलेली मराठी घरं अजून तिथे आहेत आणि आपसात मराठी बोलतात, एवढं मला ठाऊक होतं. मंजूच्या ओळखीचं तसं एक कुटुंबही होतं. अकरा जणांनी नावं दिली, बहुतेकांनी त्या एका ओळीवर भाळून. सगळं ठरवून यायला मी पुढे निघाले आणि बंगळूरला गाडी बदलताना मंजूचा फोन आला. ते कुटुंब मुलाकडे चेन्नईला राहायला गेलं होतं. जाहिरात होती, जेवणारे होते, घर तेवढं नव्हतं.

तंजावर मागे पडलं तेव्हा उजाडत होतं. दोन्ही बाजूंना भातशेती, बांधावर नारळ, मधेच एखादं गोपूर. एवढं हिरवं बघून माणसाची काळजी कमी व्हावी, पण मी खिडकीतून घरं शोधत बसले होते. स्टेशनात उतरले, लॉजवर सामान टाकलं आणि थेट कॉलेजच्या रस्त्याला गेले, कारण कॉलेज तिथे खाणं, हा माझा साधा हिशेब.

तो चुकला नाही. रविवार होता. एका मेसमध्ये इडलीबरोबर कडप्पा (मूगडाळ आणि बटाट्याची पातळ भाजी) मिळाला. तो रोज करत नाहीत, शनिवार-रविवारीच करतात असं वाढप्यानं खुणांनी समजावलं. म्हणजे आमच्या सहलीत रविवार हवाच. मग समोरच्या दुकानात डिग्री कॉफी (निर्भेळ दुधाची फिल्टर कॉफी) घेतली. पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून निववायची. मी निम्मी साडीवर निववली. दुकानदार हसू दाबत ओला फडका घेऊन आला. त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझी अडचण सांगितली, तर त्यानं सरळ फोनच लावला. थोड्या वेळात सायकलवरून एक उंच, पांढरी वेष्टी (लुंगीसारखं धोतर) नेसलेले गृहस्थ आले. राव सर, कॉलेजातून निवृत्त झालेले गणिताचे प्राध्यापक.

"तुम्ही देशांतून आलांत?" त्यांनी विचारलं. देश म्हणजे महाराष्ट्र.

एखाद्या बखरीतल्या माणसानं चप्पल काढून समोर बसावं, तसं मला झालं. आम्ही घरांत मराठीच बोलतों, बाहेर पाऊल ठेवलें कीं तमिळ, असं ते कौतुकानं सांगत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या मेलकावेरी भागात त्यांच्या घरी मला जेवायचं आमंत्रण मिळालं. मी लगेच मंजूला कळवलं, घर सापडलं. पुन्हा तोच उतावळेपणा.

राव सरांच्या पत्नी पद्माबाई. नाकात दोन्हीकडे चमक्या, कपाळाला विभूतीची रेघ, चेहरा शांत. मी त्यांना काकू म्हणू लागले. त्या फारसं बोलल्या नाहीत. सर बोलत होते, काकू वाढत होत्या. केळीच्या पानावर आधी भाज्या, पच्चडी (दह्यातली कोशिंबीर), रसवांगी (डाळ घालून केलेली वांग्याची दाट भाजी) आणि मग भाताचा हा ढीग. मी घाईघाईनं हात आडवा धरला. "थोडासाच वाढा." मूठभर भात, वर सांबार. चव अशी, की डोळे मिटावेसे वाटले. तरी मी आवरून जेवत होते. आपल्याकडे पहिला भात असतोच केवढा? खरं जेवण पोळी आल्यावर.

काकू पुन्हा भात घेऊन आल्या. मी नको म्हटलं. मग रसम आलं. ते मी भाताशिवाय, वाटीत घेऊन प्यायले. पोळ्या आता येतील, मग येतील, असं म्हणत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. आला तो मोर (ताक). सरांनी ताकभात संपवला, पान स्वतःकडे दुमडलं आणि उठले. जेवण झालं होतं.

मी उपाशीच होते, पण कामाची घाई जास्त. ओसरीवर बसताच सहलीचा विषय काढला. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या.

"नको," त्या म्हणाल्या. "आमचें जेवण तुम्हां देशाच्या लोकांस रुचत नाहीं."

आणि आत निघून गेल्या. सर ओशाळले. मला रागच आला. कौतुक करायला तोंड उघडू दिलं नाही आणि वर ही फणकाऱ्याची बोळवण! रस्त्यावर आले तेव्हा राग आणि भूक यांतलं काय जास्त होतं, सांगता येणार नाही. मंजूला काय तोंड दाखवणार होते?

चारच्या सुमाराला बाजारात कच्च्या केळ्याची भजी तळताना दिसली. मी बशी भरून घेतली. तिसरं भजं तोंडात असताना पुढ्यात सायकल थांबली. राव सर विड्याची पानं घ्यायला आले होते.

त्यांनी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमच्या घरीं पोट भरलें नाहीं?"

खोटं बोलायला तोंड रिकामं नव्हतं. गिळलं आणि सांगून टाकलं की मी पोळ्यांची वाट बघत होते. सर सायकलचं हँडल धरून इतके हसले की भजीवालाही हसायला लागला. ते मला तशीच घरी घेऊन गेले.

"पोळी? भाताउपरांत?" काकूंना पटेना. "मग पोट भरायचा भात कोणता?"

"तुमच्याकडचा पहिला, काकू. मला आत्ता कळलं."

त्यांच्या घरी पोळी म्हणजे सणाची पुरणपोळी, रोजची नव्हेच. त्यांनी पुन्हा पान मांडलं. मी सांबारभात जेवले, रसमभात जेवले, ताकभात जेवले, आणि त्या समोर बसून बघत राहिल्या. मग हळूहळू बोलल्या. एका लग्नाला देशाकडची पाहुणेमंडळी आली होती. काकूंना मुद्दाम बोलतं करून त्यांनी ते जुन्या वळणाचं मराठी मोबाईलवर टिपलं होतं, आणि मग ते परत परत लावून हसत होती. तेव्हापासून परक्या मराठी माणसासमोर त्या तोंड उघडत नव्हत्या. मी भात नको म्हटलेला बघून त्यांना वाटलं, आता जेवणालाही हसणार.

"तुमचीं अकरा माणसें, मी बोललें तर हांसतील?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. "एखादा हसेलही, काकू. पण मोबाईल मी बाहेर काढू देणार नाही, आणि तुमच्या शेजारी मी बसलेली असेन."

त्या एवढंच म्हणाल्या, "पाहूं."

त्या 'पाहूं'वर मी परतीच्या गाडीत बसले. भातशेतं मागे गेली, कोलाराकडची खडकाळ माळरानं आली, मग आपली ऊसशेती. भाषा एक, देव एक, तरी पानावरच्या भाताचा अर्थ दोन घरांत वेगळा. आणि विचारलं नाही, तर दोघीही आपापल्या जागी दुखावून बसतो, हे मला या वयात केळीच्या पानावर शिकायला मिळालं. सहल रद्द झाली तरी चालेल, पण ती बाई माझ्यामुळे दुखावली असं नको, असं मनापासून वाटत होतं.

सांगलीला पोचून मंजूला हे सगळं सांगत होते, तेवढ्यात राव सरांच्या नंबरवरून फोन आला. आवाज काकूंचा.

"देशाचा माणूस एका जेवणास पोळ्या किती खातो?"

तीन-चार, मी सांगितलं. पण पोळ्या कशाला, आम्ही भातच जेवू.

"भात आहेच. पण माझ्या घरीं कोणी वाट पाहत उपाशी उठूं नये. तूं एक दिवस आधीं ये आणि लाटायास शिकव." मग म्हणाल्या, "आणि येतांना भुकेली ये."