वॉटर बाथची पूजा

हसणार असाल तर चहा आधी खाली ठेवा. नाकातून आला तर मला बोलायचं नाही.

डोंबिवली पूर्वेला आमची रक्त तपासायची लॅब आहे. मी तिथला इन्चार्ज. लॅबमधलं माझं लाडकं यंत्र म्हणजे वॉटर बाथ. फार काही नाही हो, स्टीलची चौकोनी टाकी, खाली हीटर, वर उतरतं झाकण. आतलं पाणी सदतीस डिग्रीवर, म्हणजे आपल्या अंगाइतकं कोमट, धरून ठेवायचं. रक्ताच्या नळ्या त्यात उभ्या केल्या की रक्त लवकर गोठतं आणि तपासणीचं काम पटकन उरकतं.

पण ते पाणी राखायला हात लागतो, आणि तो हात माझा! आमच्या टेक्निशियनला, कळव्याच्या स्नेहलला, मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं, "बाथला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही." आता माझा विश्वास तरी किती असावा स्वतःवर? शाळेत विज्ञानाच्या प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क घेतलेला माणूस मी! आमच्या प्रधानबाईंनी दिलेले. त्या बाई खडूसुद्धा मोजून द्यायच्या, त्यांच्याकडून पैकीच्या पैकी!

तर, खंडेनवमीचा दिवस. यंत्रांची पूजा. मी सकाळी लवकर गेलेलो. बाथला आतून बुळबुळीत थर धरलेला, तो धुण्याच्या सोड्याने खसाखसा घासला. नवीन पाणी भरलं आणि वर माझी खास अक्कल म्हणून चांगला मूठभर सोडा पाण्यातच राहू दिला. म्हटलं, आता शेवाळं धरायची हिंमतच होणार नाही!

स्नेहल हळद-कुंकू घेऊन आली. मी तिला थांबवलं.

"कुंकू नको. पाण्यात पडलं तर पाणी लाल होईल. रक्ताची लॅब आहे ही, लोक घाबरतील. नुसती हळद वाहा."

"सर, तुम्ही कुठपर्यंत विचार करता!"

"अनुभव, स्नेहल, अनुभव."

झाकणावर हळदीचा छान ढीग वाहिला, वर झेंडू ठेवला. दाराला लिंबू-मिरची बांधली. आणि पहिल्या पेशंट म्हणून दारात कोण उभं? साक्षात प्रधानबाई!

त्यांचं दुसऱ्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मिळाला नाही तर ते पुढे जाणार, आणि मुलगा खास रजा काढून आलेला. त्यात बाईंची शीर म्हणजे हाताला लागली तर नशीब. बाही वर करत त्या म्हणाल्या, "हे बघ, एकदाच टोचायचं. दुसऱ्यांदा मी हात देणार नाही."

"बाई, तुमचा विद्यार्थी आहे मी!"

आणि एका टोचण्यात रक्त काढलं! मीच माझी पाठ थोपटली. नळी बाथमध्ये ठेवली, झाकण अलगद लावलं, बाईंना घरी पाठवलं आणि शेजारच्या दुकानांत पेढे वाटायला गेलो.

परत आलो तर स्नेहल घरोघरचं रक्त गोळा करायला निघून गेलेली. मी झाकण उचललं.

पाणी लालभडक!

आणि बाईंची नळी जागेवर नाही!

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. नळी फुटली! बाईंचं रक्त पाण्यात! हातमोजे चढवले, मास्क लावला, हीटरचा प्लग भिंतीतून उपटला, बाहेर बसलेल्या दोघांना रस्त्यावर काढलं. चिमट्याने तळ धुंडाळला. काचेचा एक तुकडा मिळेल तर शपथ! मग? मी काय समजलो? काच आहे, पाण्यात दिसणार कशी! स्नेहलला फोन लावला, तर ती स्कूटरवर, उचलतेय कशाला.

शेवटी मन घट्ट करून बाईंना फोन केला.

"बाई, जरा तांत्रिक कारणामुळे परत यावं लागेल."

"म्हणजे सांडलंस."

आल्या बिचाऱ्या, काठी टेकत. या खेपेला शीर कुठली मिळायला? डावा हात झाला, उजवा झाला, पुन्हा डावा. त्या हूं की चूं करीनात. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला! शेवटी मनगटाशी कशीबशी सापडली. बाईंच्या हातावर कापसाचे बोळे चिकटवता चिकटवता मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात स्नेहल आली. "काय झालं सर?"

"काय झालं? बाईंची नळी फुटली बाथमध्ये!"

"कुठे? ती तर मी मघाशीच काढलेली. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ठेवलीये. तुम्ही पेढे वाटत बसलेलात, म्हटलं बाईंना घाई आहे." तिने फिरकीच्या मशीनचं झाकण उघडून नळी माझ्या हातात दिली. धडधाकट!

"मग हे रक्त कुणाचं?" मी किंचाळलो. "दुसऱ्या कुणाची तरी नळी फुटलीये! लाव सगळ्यांना फोन! आण ते ब्लीच!"

"थांब," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. टाकीत डोकावल्या. मग झाकणाकडे बघितलं. झेंडू बाजूला पडलेला आणि हळदीचा ढीग गायब.

"हिने घाईत झाकण उचललं असणार," बाई म्हणाल्या. "टाकी कशाने घासलीस?"

"सोड्याने. थोडा आत ठेवलाय, शेवाळं धरू नये म्हणून."

बाई काठी टेकत दारापर्यंत गेल्या, लिंबू-मिरचीतलं लिंबू ओढून काढलं आणि म्हणाल्या, "एक काचेचा ग्लास दे."

मी त्यात टाकीतलं लाल पाणी काढून दिलं. बाईंनी लिंबू पिळलं आणि रक्त पिवळंधमक झालं!

स्नेहलने तोंडावर ओढणी धरली. सोड्यात हळद लाल होते आणि आंबटात पुन्हा पिवळी. सातवीचा प्रयोग. ज्या प्रॅक्टिकलच्या जोरावर मी आयुष्यभर मिरवलो, त्यात मला हाच प्रयोग आलेला! आणि कुंकवाने पाणी लाल होईल म्हणून मी, मी स्वतः, हळद वाहायला लावलेली!

बाईंनी बाही खाली केली. दारात थांबल्या आणि वर्गात रोखून बघायच्या तसंच माझ्याकडे बघितलं.

"दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त काही तुला मला परत देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मी दिलेले मार्क मी परत घेतेय."