दोन पानांचा गोषवारा

दिनकर खांबेटे यांनी चौतीस वर्षं दिल्लीत एका मंत्रालयात फायलींवर टिपणं लिहिली. शंभर पानांची फाईल दीड पानात बसवायची आणि कुणी काय केलं ते मात्र कळू द्यायचं नाही, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. 'विलंब झाल्याचे निदर्शनास आले.' कुणी केला? राम जाणे!

निवृत्तीनंतर गुरुग्रामला मुलीकडे, सलोनीकडे राहून त्यांनी चारशे पानांची कादंबरी लिहिली. पुण्याच्या प्रकाशकांनी आधी दोन पानांचा गोषवारा मागितला. हा तर हातचा मळ, म्हणत दिनकररावांनी तो पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'सगळं आपोआप घडतंय. नायक करतो काय? आणि शेवट झाकू नका, गोषवाऱ्यात तो स्पष्ट सांगायचा असतो. तसं पाठवलंत तरच कादंबरी वाचू.'

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! त्यांनी शेवट लिहिला होता, 'रजेअभावी पत्नीच्या अंतसमयी उपस्थित राहता आले नाही.'

रविवारी सलोनी लॅपटॉप घेऊन बसली. "चलो बाबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते. पण आपण बोलतो तसं सांगा."

सलोनीनं कादंबरी वाचली नव्हती. छापल्यावर वाचीन म्हणायची. त्यातली पत्नी म्हणजे तिची आई, प्रभा. प्रभा मिरजेला माहेरी वारली, तेव्हा नऊ वर्षांची सलोनी उशाशी बसून बाबांची वाट बघत होती. रजा न देणाऱ्या त्या साहेबाला ती आजही शिव्या घालायची. खरं सांगावं तर मुलगी तुटेल, आणि तिच्याशिवाय त्यांना होतं कोण?

"शेवट, बाबा?"

दिनकररावांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "लिही. रजा कुणी नाकारली नव्हती. बायकोला मरताना बघायची त्याला भीती वाटली. त्यानं अर्जच केला नाही."

सलोनीनं शब्द न् शब्द टाइप केला. स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "यात मुलगी आहे ना? तिला कधी कळतं?"

"कादंबरीत कळत नाही."

तिनं खाली स्वतःच एक ओळ घातली: 'मुलीला हे एकोणतीस वर्षांनी कळतं.' आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

दिनकरराव उठून तिच्याकडे निघाले. तिनं हात पुढे करून त्यांना तिथंच थांबवलं.